घरात अल्झायमर आला तर: लालबागच्या एका घराने आठ वर्षांत शिकलेलं

अप्पा, म्हणजे माझे वडील, बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपोला. रिटायर होऊन त्यांना बावीस वर्षं झाली. तरी आजाराच्या चौथ्या वर्षी ते पहाटे साडेतीनला उठायला लागले. अंधारात चाचपडत शर्ट चढवायचे, दाराशी जाऊन कडी खडखडवायचे. "पहिली पाळी आहे, उशीर होतोय." मी म्हणायचे, "अप्पा, तुम्ही रिटायर झालात, झोपा बघू." त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू त्यांची नोकरी मी त्याच क्षणी काढून घेतली. मग आरडाओरडा, आईचं रडणं, शेजारच्यांचं दार उघडणं. दोन महिने हेच चाललं. एका पहाटे थकून मी म्हटलं, "डेपोतून फोन आला होता अप्पा, आज तुमचा वीकली ऑफ आहे." "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि जाऊन झोपले.

त्या पहाटेपर्यंत आम्ही अप्पांना आमच्या जगात ओढून आणायचा प्रयत्न करत होतो. ते जमत नाही. घर, बोलायची पद्धत, दिवसाचा क्रम आणि घरातल्यांनी वाटून घ्यायची कामं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते बदललं तर खूप फरक पडतो. आम्हाला हे कळायला जेवढी वर्षं लागली तेवढी तुम्हाला लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी: 'वय झालं' म्हणून सोडू नका

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात, 'म्हातारचळ' म्हणतात, आणि तिथेच विषय संपतो. आमचीही दोन वर्षं यातच गेली. वयाने होणारं विसरणं वेगळं असतं. शेजाऱ्याचं नाव पटकन आठवत नाही, मग तासाभराने आठवतं. भाजीत मीठ घालायचं राहतं. अल्झायमरमध्ये रोजची आमटी कशी करायची, त्याचा क्रमच हातातून सुटतो. ज्या अप्पांनी भरल्या बसमध्ये उभं राहून आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी केला, ते एक दिवस भाजीवालीसमोर शंभराची नोट धरून उभे राहिले आणि परत किती घ्यायचे ते त्यांना कळेना. आई म्हणाली, "ऊन लागलं असेल." ते ऊन नव्हतं.

शंका आली की एक वही घ्या आणि तारखेसकट नेमके प्रसंग लिहा. 'हल्ली विसरतात' असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. 'मंगळवारी एकाच तासात पाच वेळा विचारलं की दूध आणलं का', 'गॅस चालू ठेवून खाली उतरले', 'चिंचपोकळी स्टेशनहून घरी येताना रस्ता चुकले', हे उपयोगी पडतं. ही वही किंवा तिच्यातलं एक पान आत जाण्याआधीच डॉक्टरांच्या हातात द्या. पेशंटसमोर त्यांच्या चुका मोजून सांगितल्या की त्यांचा अपमान होतो. शिवाय सुरुवातीच्या काळात ही माणसं डॉक्टरांसमोर दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतात, आणि आपणच खोटे पडतो.

न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, यांपैकी कुणाकडेही सुरुवात करता येते. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत आणि तिथला खर्च खासगीच्या मानाने फार कमी आहे. गर्दी मात्र असते. दोघांनी जा. एकाने केसपेपरच्या रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने पेशंटला बाकावर सावलीत बसवून ठेवावं. बरोबर पाणी, बिस्किटं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप घ्या. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीसुद्धा वयस्कर माणसाचं डोकं गोंधळतं, म्हणून सगळ्या दाखवायच्या.

तपासण्यांना कंटाळू नका. बी१२ची कमतरता, थायरॉइड कमी असणं, सोडियम खाली जाणं, नैराश्य, डोक्याला मार लागून आत हळूहळू साचलेलं रक्त, या सगळ्यांनी स्मृतिभ्रंशासारखी (डिमेन्शियासारखी) लक्षणं दिसतात आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार होतो. रक्ततपासणी, मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवणं, तीन शब्द लक्षात ठेवणं अशा चाचण्या होतात. कान आणि डोळेही तपासून घ्या. नीट ऐकू येत नसेल तर माणूस आहे त्याहून जास्त गोंधळलेला दिसतो.

हे असं का होतं

१९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी पन्नाशीतल्या एका मृत रुग्ण बाईच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींच्या बाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावांनी ओळखतो. नव्या आठवणी नोंदवून ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, बहुधा आधी धक्का बसतो. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचा डेपो लख्ख आठवतो. भावना मात्र खूप उशिरापर्यंत शाबूत राहतात. भांडण कशावरून झालं ते अप्पा पाच मिनिटांत विसरायचे, पण त्या भांडणाचा कडवटपणा संध्याकाळपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आपण एकटे नाही, हेही सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं आजार बरा करत नाहीत. काहींना त्यांनी काही काळ थोडी मदत होते. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो. अप्पांना स्वप्नं पडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी दिली आणि ते थांबलं. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी लावत असाल तर जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका. 'स्मरणशक्ती परत आणतो' म्हणणाऱ्या महागड्या पावडरी आणि काढे कुणीतरी आणून देईलच. ते पैसे मदतनिसासाठी राखून ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: सही करता येते तोवर कागद पुरे करा

निदान झालं की घरात सगळे औषधांच्या मागे लागतात. कागदपत्रांचं कुणी बोलत नाही, कारण ते बोलणं म्हणजे बापाच्या डोळ्यादेखत वाटणी मागण्यासारखं वाटतं. आम्हीही गप्प बसलो. मग आमच्या चाळीचा पुनर्विकास आला. खोली अप्पांच्या नावावर, करारनाम्यावर सही त्यांची हवी, आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी अधिकाऱ्याने नाव विचारल्यावर अप्पांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. पुढचं दीड वर्ष त्या एका उत्तराने खाल्लं.

म्हणून निदानानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हे करा. आजार सुरुवातीचा असेल तर माणसाला समजून-उमजून निर्णय घेता येतात, आणि तो त्यांचा हक्कही आहे. त्यांना बाजूला ठेवून करू नका.

बँकेची खाती 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने जोडखाती करा. ठेवी, लॉकर, पोस्टातली खाती, विमा, सगळीकडे वारसनोंद तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडून 'निर्णय घेण्यास सक्षम' असं प्रमाणपत्र घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका, पुढे भावंडांत संशय राहत नाही.

मुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ ॲटर्नी) फार लोकांचा गैरसमज आहे. आपल्या कायद्यात ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच ते चालत नाही. तशी वेळ आलीच तर आजारी माणसाच्या वतीने व्यवहार पाहण्यासाठी न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. त्यापेक्षा आज वकिलाला एकदा भेटणं स्वस्त पडतं.

आणखी दोन कागद आहेत, त्यांचं नावही बऱ्याच घरांत माहीत नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांचे निर्णय घ्यायला आपल्याला मदत करणारा माणूस, कोण असेल ते साध्या कागदावर लिहून सही करता येते. आणि शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे सांगणारं इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष. अप्पांचं हे करायचं राहून गेलं. त्यांना काय हवं होतं हे आता आम्ही फक्त अंदाजाने ठरवतो, आणि त्याचं ओझं रोज जाणवतं.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला लक्षात ठेवा. बोटांचे ठसे उमटेनासे होतात, तेव्हा चेहरा ओळखून घरबसल्या डिजिटल दाखला काढता येतो. मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय बंद करा किंवा मर्यादा अगदी खाली आणा. ओटीपी विचारणाऱ्या भामट्याला अशी माणसं सर्वांत सोपी सापडतात. पैसे पूर्ण काढून घेऊ नका. खिशात दहा-वीसच्या चार नोटा असल्या की माणूस निवांत असतो.

तिसरी पायरी: घर

जुन्या जागेची ओळख पायांना असते. आमच्या चाळीत अप्पा रात्री डोळे मिटून गॅलरीतल्या नळापर्यंत जायचे. संक्रमण शिबिरात (नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत) आणि नंतर चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर ते एका आठवड्यात इतके ढासळले की आम्हाला वाटलं लकवा आला. घर बदलणं टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर त्यांची खाट, त्यांचं पांघरूण, देवाचे फोटो, भिंतीवरचं कालनिर्णय, सगळं आधी लावून घ्या आणि शेवटी त्यांना आणा. खाटेच्या ज्या बाजूने ते उतरत होते तीच बाजू मोकळी ठेवा.

खिडक्यांना ग्रिल लगेच. गॅसला रेग्युलेटरपाशी बंद करायची सवय सगळ्यांना लावा. फिनेल, ॲसिड, डासांचं औषध कुलपात. संडासात आणि मोरीत पकडायला दांडे, खाली रबराची चटई, आणि संडासच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आणि चित्र. रात्री खाटेपासून तिथपर्यंत मंद दिवा. आतल्या कड्या काढून टाका, अप्पा एकदा पाऊण तास आत अडकले होते. गालिचे, पायपुसणी, वायरी उचला. आरशातला 'तो परका माणूस' पाहून घाबरत असतील तर आरसा झाका.

घरात एकटं असताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नका. आग लागली तर काय, एवढं मनात आणा.

चौथी पायरी: बोलणं

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून इथे जास्त लिहिते.

'आठवतंय का?' हा प्रश्न घरातून हद्दपार करा. 'ओळखलंत का मला?' हा त्याहून वाईट. भेटायला येणारे सगळे हाच प्रश्न विचारतात, जणू तोंडी परीक्षा. दारातच हळूच सांगा की आत गेल्यावर आपणहून नाव सांगा: "अप्पा, मी सुधा, खालच्या मजल्यावरची." प्रश्न विचारायचाच तर 'चहा घेणार का?' असा, हो-नाहीत उत्तर येणारा. 'काय खाणार?' याचं उत्तर शोधताना ते दमतात. एका वेळी एकच गोष्ट सांगा. 'उठा, तोंड धुवा, मग चहा' यात तीन कामं आहेत. नुसतं "उठा अप्पा" म्हणा, हात द्या, आणि थांबा. थांबणं सर्वांत अवघड असतं.

ते चुकीचं बोलले तर दुरुस्त करू नका. त्या बोलण्याच्या मागे काय आहे ते शोधा. "मला घरी जायचंय" असं ते स्वतःच्या घरात बसून म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना भीती वाटत असते, कंटाळा आलेला असतो किंवा लघवी लागलेली असते. "हेच तुमचं घर" म्हणून भांडू नका. "जाऊ या, आधी चहा पिऊ," म्हणा. "घरी कोण कोण आहे?" असं विचारा. अप्पा मग रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या पडवीबद्दल, फणसाबद्दल बोलत राहायचे आणि जायचं विसरायचे.

ते आपल्या आईला शोधायचे. मी पहिल्यांदा सांगितलं, "आजी जाऊन तीस वर्षं झाली." ते तेव्हाच कळल्यासारखे ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. रोज त्यांना नव्याने सुतक द्यायचं का? आता आम्ही म्हणतो, "गावाला गेलीय." हे खोटं आहे का, यावर मी पुष्कळ रात्री विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं आहे की त्यांना खरं पेलत नसेल तर ते पेलायचं काम माझं आहे.

चोरीचा आरोप हा जवळपास प्रत्येक घरात होतो. "माझं पाकीट या बाईने घेतलं." काम करणारी मावशी रडते, सोडून जाते. तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की हा आजार बोलतोय. पेशंटबरोबर वाद न घालता "चला, शोधू या" म्हणून शोधायला लागा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. आमच्याकडे तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा आणि देव्हाऱ्यामागची फट. तसंच दुसरं पाकीट आणि तसाच दुसरा चष्मा आणून ठेवा.

संध्याकाळी दिवेलागणीला बेचैनी वाढते. बऱ्याच पेशंटना हे होतं. साडेपाचलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीवरच्या बातम्या बंद. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको. आमच्या लालबागला गणपतीचे दिवस सर्वांत कठीण. ढोल आणि गर्दीने अप्पा थरथरायचे. गेली चार वर्षं आगमनापासून विसर्जनापर्यंत ते डोंबिवलीला माझ्या मावशीकडे असतात, एक ओळखीची उशी आणि रेडिओ बरोबर घेऊन.

आणि हात रिकामे ठेवू नका. मी त्यांना एक जुनी चामड्याची बॅग आणि कागदाच्या तिकिटांसारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे दिले. तासन्‌तास मोजायचे. तुमच्याकडे शिक्षिका असेल तर वह्या तपासायला द्या, गृहिणी असेल तर मटार सोलायला, लसूण निवडायला. काम नीट झालं की नाही याला महत्त्व नाही.

आंघोळ, जेवण, संडास

आंघोळीला नकार म्हणजे हट्ट नव्हे. अंगावर अचानक पडणारं पाणी, थंड फरशी, लेकीसमोर उघडं होण्याची लाज, या सगळ्याची ती भीती असते. शॉवर बंद करा. बादली आधी भरून ठेवा, पाणी कोमट आहे ते त्यांच्या हाताने बघू द्या, बसायला स्टूल, अंगावर पंचा शेवटपर्यंत असू द्या. तांब्या त्यांच्या हातात द्या, अर्धी आंघोळ ते स्वतःच करतात. पाणी पायांपासून वर, डोक्यावर सर्वांत शेवटी. आमच्याकडे जादू केली ती कोमट तेलाने. डोक्याला तेल लावलं की ते आपणहून म्हणायचे, "दिवाळी आहे वाटतं," आणि मोरीकडे वळायचे. तरी नकोच म्हणाले तर सोडून द्या, ओल्या टॉवेलने पुसून घ्या. रोज आंघोळ झालीच पाहिजे असं नाही.

पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना नीट दिसत नाही. गडद रंगाचं एकरंगी ताट वापरा, एका वेळी एक-दोनच पदार्थ. टूथपेस्ट, शाम्पू समोर ठेवू नका, खाल्ले जातात. चमचा जमेना की पोळीचे छोटे रोल, इडलीचे तुकडे, केळं, असं हातात धरून खाता येईल ते द्या. पाणी ते मागत नाहीत, आपण दर तासाला द्यायचं. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, मग लघवीचा संसर्ग, मग गोंधळ, अशी साखळी लागते.

दर दोन तासांनी संडासला नेलं तर कपडे खराब होणं बरंच कमी होतं. पँटची बटणं गेली, इलॅस्टिकचा लेंगा आला. डायपर रात्रीपुरतं. कपडे ओले झाले तर चेहऱ्यावर काही दाखवू नका, "पाणी सांडलं, बदलू या" एवढंच म्हणा.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. एक-दोन दिवसांत अचानक बिघडले, जास्त भ्रम झाला, झापड आली किंवा चिडचिड वाढली तर तो आजार 'पुढे सरकला' असं समजू नका. अल्झायमर इतक्या वेगाने वाढत नाही. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, लघवी तुंबणं, पडून लागलेला मार, नवीन गोळी यांपैकी काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. भास आणि आक्रमकपणासाठी दिली जाणारी काही औषधं या वयात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. ती कमीत कमी मात्रेत, ठरावीक दिवसांसाठी आहेत ना, हे डॉक्टरांना विचारा. विचारणं हा उद्धटपणा नाही.

हरवले तर

आधीची तयारी: वॉचमन, कोपऱ्यावरचा पानवाला, इस्त्रीवाला, टॅक्सी स्टँड, सगळ्यांना फोटो दाखवून सांगून ठेवा. लपवण्यात काही अर्थ नाही, वाडी-चाळीचे डोळे हीच मुंबईतली खरी राखण आहे. शर्टाच्या आत नाव-फोन शिवा, गळ्यात क्यूआर कोडचं लॉकेट किंवा हातात कडं घाला. दाराला घंटा, आणि जादा कडी नजरेच्या वर किंवा अगदी खाली. रोज सकाळी कपडे घातल्यावर मोबाइलवर एक फोटो काढा. अंगावर काय होतं ते घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

हरवलेच तर पहिली पंधरा मिनिटं इमारतीत: गच्ची, जिना, पार्किंग, बाकीच्या मजल्यांवरचं आपल्यासारखंच दार. त्याच वेळी दुसऱ्याने जुन्या सवयीच्या रस्त्याने निघावं. अप्पा दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा बसस्टॉपवरच सापडले, येणाऱ्या प्रत्येक बसच्या मागच्या दाराकडे चालत जाताना. ११२ला फोन करा, रेल्वेसाठी १३९. पोलीस ठाण्यात लगेच जा. चोवीस तास थांबावं लागतं असा कोणताही नियम नाही.

मदतनीस आणि भावंडं

ब्युरोतून आया किंवा वॉर्डबॉय घ्याल तेव्हा कमिशन, सुट्टीच्या दिवशी बदली कोण आणि मध्येच सोडून गेल्यास काय, हे लेखी घ्या. पोलीस पडताळणी करा. पहिले चार-पाच दिवस घरातल्या कुणीतरी बरोबर राहून पेशंटच्या सवयी दाखवाव्या, आणि एक कागद लावावा: उठण्याची वेळ, आवडतं गाणं, काय बोलल्यावर चिडतात. हात बांधणं, अंगावर ओरडणं चालणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगा, आणि अवेळी घरी येऊन बघा. आमच्याकडे एक बाई अप्पांना झोपेची गोळी जास्त द्यायची हे गोळ्या मोजल्यावर कळलं. तेव्हापासून औषधांचा डबा कुलपात. आत्ताच्या मावशी कोल्हापूरकडच्या आहेत, त्या अप्पांना 'मास्तर' म्हणतात, कारण त्यांच्या गावात कंडक्टरला मास्तर म्हणायचे. अप्पा त्यांचं सगळं ऐकतात.

माझा दादा पुण्याला असतो. पहिली तीन वर्षं तो फोनवर सल्ले द्यायचा आणि मी फोन ठेवून रडायचे. मग वहिनीनेच सुचवलं की कामांची यादी करू. आता औषधं ऑनलाइन मागवणं, मेडिक्लेम, बँक, ब्युरोचे पैसे हे दादाचं, आणि महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तो इथे राहतो. मी त्या दोन दिवसांत घरात थांबत नाही, हे आमचं ठरलं आहे. नुसतं 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्या नातेवाइकाला नेमकं काम सांगा: "गुरुवारी चार ते सहा येऊन बसाल का?" बहुतेक जण येतात.

सगळ्यांत जास्त झिजली ती आई. नवऱ्याने "या बाई कोण?" असं विचारणं काय असतं ते मला कळणं शक्य नाही. तिचा बीपी आम्ही वर्षभर तपासलाच नव्हता. सांभाळणाऱ्याची झोप, त्याच्या गोळ्या, त्याची तपासणी हे पेशंटच्या वहीतच लिहा. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या १९९२ पासूनच्या संस्थेची मुंबईत शाखा आहे. सांभाळणाऱ्यांच्या बैठकांविषयी तिथे चौकशी करा. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

शेवटचा टप्पा

अप्पा आता बहुतेक वेळ खाटेवर असतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, हवेची गादी, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लाल डाग दिसला आणि तो दाबून फिका होत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते.

गिळणं हे आता रोजचं मुख्य काम आहे. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग पुढचा. पातळ पाण्याने ठसका लागतो, दाट पेज, नाचणीचं सत्त्व, खिमट चालतं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करत नाही. तोंडात घास राहिला नाही ना ते बघतो. नाकातून नळी घालायचा सल्ला येईल. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, हे आमच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आम्ही चमच्यानेच भरवायचं ठरवलं. जेवढं जाईल तेवढं. वेदना त्यांना सांगता येत नाही, ती कपाळावरच्या आठ्यांत आणि आवळलेल्या मुठींत बघायची.

आणखी एक तयारी आहे, तीही वेळेवर करा. घरी मृत्यू झाला तर स्मशानभूमीत डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि पेशंटला आधी न पाहिलेला डॉक्टर ते सहसा देत नाही. रात्री दोन वाजता दारोदार फिरायची वेळ येते. म्हणून घरी येणारे फॅमिली डॉक्टर ठरवून घ्या, महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना पेशंट दाखवत राहा, आणि अपरात्री येतील का ते स्पष्ट विचारा. आमच्या डॉक्टरांना मी गेल्या पावसाळ्यात विचारलं. "येईन, केव्हाही फोन कर," म्हणाले. त्यांचा नंबर फ्रिजवर लावला आहे, दादाच्या आणि मावशींच्या नंबरांच्या खाली. नंबर लावून झाला तेव्हा सात वाजले होते, पेज निवली होती. ती पुन्हा कोमट करून मी अप्पांना भरवायला बसले.